जार बनवली आणि म्हैस गायब! चित्रं नक्की ठेवायची कुठे?

वारणाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. गावातल्या दूध संस्थेसाठी जावा स्विंगमध्ये (जावातलं खिडक्या-बटणं बनवायचं साधन) संकलनाचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलंय. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकलं की दर निघतो, पावती छापली जाते. पडद्यावर दोन मोठी बटणं आहेत, एकावर गाय, दुसऱ्यावर म्हैस. बटणांवर अक्षरं मुद्दाम ठेवली नाहीत. पहाटे साडेपाचला काट्यावर बसणारे आमचे अण्णा निम्म्या वेळा चष्मा घरी विसरतात आणि चित्र बघूनच बटण दाबतात.

एक्लिप्समधून (मी कोड लिहितो ते साधन) चालवलं की सगळं झकास. काल रनेबल जार (सगळा प्रोग्रॅम एकाच फाईलमध्ये, डबल क्लिकने चालणारा) बनवून संस्थेच्या पीसीवर टाकली. डबल क्लिक केलं, खिडकी उघडली, आणि दोन्ही बटणं कोरी. एरर नाही, काही नाही. आज पहाटे अण्णांनी अंदाजाने डावीकडचं बटण दाबलं. डावीकडे गाय होती. वीसेक जणांचं म्हशीचं दूध गाईच्या दराने लागलं, आणि सात वाजता माणसं माझ्या दारात.

कोडची ओळ अशी (फोनवरून लिहितोय, म्हणून देवनागरीतच. उच्चारावरून ओळखा):

न्यू इमेजआयकॉन("एसआरसी/इमेजेस/म्हैस.पीएनजी")

चित्रं जारमध्ये गेली आहेत हे नक्की, चित्रं टाकल्यावर जारचा आकार वाढलेला दिसतो. मग सापडत का नाहीत? संस्थेत विंडोज १० आहे, जावा ८.

चहाबाज | रात्री ९:५२

म्हैस बरणीत कोंडल्यावर दूध कसं देईल हो?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

जुनाजावावाला | रात्री १०:१५

तुमच्या ओळीतला पत्ता डिस्कवरच्या फाईलचा आहे. इमेजआयकॉनला नुसती स्ट्रिंग दिली की तो ती डिस्कवर शोधतो, आणि शोध सुरू होतो प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालू झाला तिथून. एक्लिप्स तुमचा प्रोग्रॅम प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवतं. तिथे खरोखरच एसआरसी नावाचं फोल्डर आहे, म्हणून घरी म्हैस सापडते. संस्थेच्या डेस्कटॉपवर कुठलं आलंय एसआरसी?

दुसरी गोष्ट, जारच्या आत जे आहे ती विंडोजच्या लेखी फाईलच नाही. जार म्हणजे शेवटी झिप. डिस्कवर एकच फाईल, बाकी सगळं तिच्या पोटात. पोटातलं हवं असेल तर क्लासलोडरकडे (क्लास आणि सोबतच्या फाईली शोधून देणारा जावाचा भाग) मागायचं:

न्यू इमेजआयकॉन(गेटक्लास().गेटरिसोर्स("/इमेजेस/म्हैस.पीएनजी"))

यातून एसआरसी काढलंय बघा. ते फोल्डर जारमध्ये जात नाही, त्याच्या आतलं जातं. सुरुवातीची तिरकी रेघ मात्र ठेवा. ती असली तर शोध जारच्या मुळापासून, नसली तर तो क्लास ज्या पॅकेजमध्ये आहे तिथून. आणि हेच गेटरिसोर्स थेट क्लासलोडरवर बोलावलंत तर तिरकी रेघ द्यायची नाही, कारण ते नेहमी मुळापासूनच बघतं. एकाच नावाच्या दोन पद्धती आणि दोन वेगळे कायदे. या एका रेघेने २००४ साली माझे दोन दिवस खाल्ले होते, अजून राग गेलेला नाही.

बोरकूट | रात्री १०:२१

काखेत कळसा नि गावाला वळसा.

अबोली | रात्री १०:३०

जुनाजावावाला यांना अनुमोदन. पण धागाकर्त्याच्या प्रश्नातला जास्त त्रासदायक भाग मला वेगळाच वाटतो. "एरर नाही, काही नाही."

इमेजआयकॉन हा प्राणी मुळात मुका आहे. फाईल मिळाली नाही तर तो ओरडत नाही, रुंदी उणे एक, उंची उणे एक असं रिकामं चित्र घेऊन गप्प बसतो. विचारायचं असेल तर गेटइमेजलोडस्टेटस बघावं लागतं, आणि ते बघायचं कुणाला सुचत नाही. म्हणून मी इमेजआयओ.रीड वापरते. फाईल नसली की ते तिथल्या तिथे एक्सेप्शन (चालता प्रोग्रॅम थांबवणारी चूक) फेकतं. प्रोग्रॅम पडला तर पडू दे, पण माझ्या टेबलावर पडू दे. पहाटे साडेपाचला अण्णांच्या समोर नको.

आणि वारणाकाठ, चित्राबरोबर अक्षरंही ठेवा हो बटणावर. चित्र गेलं तरी "म्हैस" एवढं तरी उरलं असतं.

पेठकर | रात्री १०:४४

मुळात २०२०नंतर डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन कोण लिहितं? वेबवर टाका, ब्राउझरमध्ये उघडेल, जार नको आणि झिप नको. चित्रांचे पत्ते सगळे सर्व्हरवर, प्रश्नच मिटला.

वारणाकाठ | रात्री १०:५०

@पेठकर, पहाटे साडेपाचला इथे नेट असतंच असं नाही, आणि शंभर माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असतात. लाईट गेली तर यूपीएसवर पीसी आणि काटा अर्धा तास चालतो, गावातला टॉवर तेवढा वेळ टिकत नाही. दूध थांबत नाही साहेब, नासतं.

पेठकर | रात्री १०:५३

मुद्दा मान्य. शब्द मागे.

चहाबाज | रात्री १०:५५

पेठकरांनी शब्द मागे घेतल्याची तारीख कुणीतरी लिहून ठेवा.

मुक्कामपोस्ट | रात्री ११:०५

मी उलट सांगतो. चित्रं जारमध्ये घालूच नका. जारच्या शेजारी इमेजेस नावाचं फोल्डर ठेवा आणि तिथून वाचा. उद्या संस्थेचा लोगो बदलला तर नवी जार कशाला बनवायची? फोल्डरमधली फाईल बदलली की काम झालं. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे असंच आहे.

जुनाजावावाला | रात्री ११:१८

@मुक्कामपोस्ट, तुमच्या गिऱ्हाइकांकडे कुणी "कॉम्प्युटर साफ" करत नाही वाटतं. माझ्याकडे एका दुकानात मालकाच्या भाच्याने डेस्कटॉपवर पसारा झाला म्हणून इमेजेस फोल्डर उचलून "फोटो"मध्ये टाकलं होतं. भाच्याचं काय चुकलं? फोल्डरचं नावच तसं.

शिवाय जारचा शॉर्टकट केला आणि त्यातलं "स्टार्ट इन" वेगळं असलं की शोध पुन्हा भलत्याच फोल्डरपासून सुरू. म्हणजे मूळ दुखणं जिथल्या तिथे.

अबोली | रात्री ११:२६

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या चित्रांबद्दल बोलताय. गाय, म्हैस, छापण्याचं चिन्ह ही प्रोग्रॅमची स्वतःची चित्रं. ती जारमध्येच हवीत, ती नसली तर प्रोग्रॅम अपुरा आहे. संस्थेचा लोगो ही गिऱ्हाइकाची वस्तू. तो बाहेर हवा, वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये किंवा अ‍ॅपडेटामध्ये. जारच्या आत पुन्हा लिहायला जाऊ नये, आणि प्रोग्रॅम फाईल्समध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही. लोगो नाही सापडला तर पावती लोगोशिवाय छापा, अडून बसू नका.

मुक्कामपोस्ट | रात्री ११:३१

हे पटलं. भाच्याचं उदाहरण मात्र मनाला लागलं.

गारंबी | बुधवार, सकाळी ८:१०

मेव्हनवाल्यांसाठी एक भर (मेव्हन म्हणजे जार आपोआप बांधून देणारं साधन). मेव्हनमध्ये चित्रं एसआरसी/मेन/जावामध्ये क्लासच्या शेजारी ठेवलीत तर ती जारमध्ये येतच नाहीत, मेव्हन तिथलं फक्त जावा बघतं. ती एसआरसी/मेन/रिसोर्सेसमध्ये ठेवायची. एक्लिप्सच्या साध्या प्रोजेक्टमधून मेव्हनकडे जाणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी ठेचकाळतो.

याहून वाईट म्हणजे फिल्टरिंग. आवृत्तीचा क्रमांक एका मजकुराच्या फाईलमध्ये आपोआप भरला जावा म्हणून मी सगळ्या रिसोर्सेसना फिल्टरिंग चालू केलं होतं, तेही मेव्हनच्या जुन्या रिसोर्सेस प्लगइनवर (नवा पीएनजीला आपोआप वगळतो). चित्र जारमध्ये होतं, पत्ता बरोबर होता, नाव बरोबर होतं, तरी उघडेना. शेवटी हेक्स एडिटरमध्ये मूळ फाईल आणि जारमधली फाईल शेजारी ठेवून बघितली. पीएनजीचा पहिला बाइट ८९ असतो, मग पी, एन, जी ही तीन अक्षरं. जारमधल्या फाईलमध्ये ८९ नव्हताच, त्या जागी ईएफ बीएफ बीडी असे तीन बाइट. मेव्हनने चित्र मजकूर समजून यूटीएफ-८ म्हणून वाचलं, न समजलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी "हे काय आहे कळलं नाही" असं चिन्ह ठेवलं आणि प्रामाणिकपणे परत लिहिलं. पहिल्याच बाइटला चित्र मेलं.

तेव्हा फिल्टरिंग फक्त मजकुराच्या फाईलींना.

वेंगुर्ल्याचा_बाबू | सकाळी ९:०२

पायथॉनवाल्यांना विसरू नका. टीकेइंटरमध्ये (पायथॉनचं खिडक्या-बटणांचं साधन) फोटोइमेज फंक्शनच्या आत बनवलीत आणि तिला कुठे धरून ठेवलं नाहीत, तर फंक्शन संपताच कचरा गोळा करणारा येऊन ती घेऊन जातो. लेबल जागेवर, चौकट जागेवर, चित्र गायब. उपाय एका ओळीचा, लेबल.इमेज = फोटो. ती ओळ बघून नवीन मुलगा हमखास विचारतो की हिचा उपयोग काय, आणि काढून टाकतो.

पायइन्स्टॉलरने (पायथॉन प्रोग्रॅमची एक्सई बनवणारं साधन) एकच एक्सई बनवली तर वेगळी गंमत. दर वेळी ती स्वतःला टेम्पमधल्या एका फोल्डरमध्ये उलगडते आणि चित्रं तिथे असतात. तो पत्ता सिस मोड्यूलच्या _एमईआयपास मध्ये मिळतो. आणि अ‍ॅड-डेटा देऊन चित्रं आत घालायला सांगितलं नसेल तर ती तिथेही नसतात.

डब्लिनकर | दुपारी १:२०

इथे क्यूटी (सी++मधलं खिडक्या-बटणांचं साधन) आहे रोजच्या कामात. क्यूआरसी फाईलमध्ये चित्रांची यादी द्यायची, ती बांधणीच्या वेळी थेट एक्सईमध्ये जातात, आणि कोडमध्ये पत्ता कोलनपासून सुरू होतो. कोलन दिसला की समजायचं चित्र पोटात आहे. जावापेक्षा हे मला स्वच्छ वाटतं, डोळ्याला फरक कळतो.

पण मुकेपणा इथेही आहेच. क्यूपिक्समॅपला चित्र नाही मिळालं तर तो रिकामा राहतो, इझनल विचाराल तरच सांगतो. आणि एकदा पीएनजी सगळी दिसत होती, जेपीजी एकही नाही, तेही फक्त गिऱ्हाइकाकडे. पीएनजी वाचणं क्यूटीच्या गाभ्यात आहे, जेपीजीसाठी इमेजफॉरमॅट्स फोल्डरमधला प्लगइन लागतो. तो इन्स्टॉलरमध्ये घालायला विसरलो होतो.

तिरकीरेघ | दुपारी १:४१

सी शार्पचं काय सांगू. डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजच्या खिडक्या बनवायचं साधन) चित्राचा पत्ता लिहायचा तर पॅक, मग अ‍ॅप्लिकेशन, मग कोलन, मग सलग तीन स्वल्पविराम. मला अनेक वर्षं वाटायचं कुणाचा तरी कीबोर्ड अडकला असेल. नंतर कळलं, ते मुळात तीन तिरक्या रेघा आहेत, पत्त्याच्या आत पत्ता बसवताना रेघांचे स्वल्पविराम केलेत.

बोरकूट | दुपारी १:४५

आयडी तिरकीरेघ, आणि तक्रार रेघांचे स्वल्पविराम केल्याची. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

वारणाकाठ | बुधवार, रात्री ८:५५

सगळ्यांचे आभार. गेटरिसोर्स केलं, तिरकी रेघ लावली, एसआरसी काढलं. एक्लिप्समध्ये दोन्ही चित्रं दिसतात. जार बनवली, आणि आता आधी होतं त्याहून वाईट. खिडकीच उघडत नाही. डबल क्लिक केलं की क्षणभर गोल फिरतं आणि शांत.

म्हशीची ओळ काढून टाकली तर खिडकी उघडते आणि गाय दिसते. म्हणजे गाय चालते, म्हैस चालत नाही. दोन्ही ओळी शब्दशः सारख्या आहेत, मी गाईची ओळ चिकटवून नाव बदललंय.

चहाबाज | रात्री ८:५८

म्हैस चिखलात बसली की उठत नाही.

अबोली | रात्री ९:०६

डबल क्लिकने जार उघडली की मागे कन्सोल नसतो, एक्सेप्शन हवेत जातं. काळी खिडकी उघडा, जारच्या फोल्डरमध्ये जा आणि जावा -जार लिहून चालवा. जे येईल ते इथे टाका.

वारणाकाठ | रात्री ९:१९

नलपॉइंटरएक्सेप्शन. इमेजआयकॉनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये.

जुनाजावावाला | रात्री ९:२४

म्हणजे गेटरिसोर्सने नल ("काहीच नाही") दिला. त्याला म्हैस मिळाली नाही, तो नल तुम्ही इमेजआयकॉनला दिलात, आणि त्याने नलचा पत्ता विचारला. मंगळवारी गप्प बसत होता, आता निदान ओरडतोय. प्रगती आहे.

कुठे डॉट-डॉट वापरून एक फोल्डर वर गेला नाहीत ना? तेही एक्लिप्समध्ये चालतं आणि जारमध्ये पडतं.

वारणाकाठ | रात्री ९:२७

नाही, डॉट-डॉट कुठेच नाही.

तिरकीरेघ | रात्री ९:३३

फाईलचं नाव जसंच्या तसं बघा. कोडमधलं नव्हे, डिस्कवरचं, आणि एक्सटेन्शन दाखवायचा पर्याय चालू करून. लहान लिपी, मोठी लिपी.

विंडोज फाईलच्या नावात लहान-मोठं अक्षर मानत नाही. एक्लिप्समधून चालवता तेव्हा क्लासपाथ (जावा जिथे शोधते ती जागा) म्हणजे डिस्कवरचं बिन फोल्डर, शोध विंडोज घेतं आणि चालवून घेतं. जारमध्ये शोध जावा घेते, आणि झिपमधलं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. काळ्या खिडकीतच जार टीएफ लिहून आतली यादी काढा. ती आज्ञा जेडीकेबरोबर (जावा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा संच) येते, तेव्हा तुमच्या घरच्या पीसीवर करा. नाहीतर जारची प्रत काढून तिचं एक्सटेन्शन झिप करा आणि उघडून बघा.

वारणाकाठ | रात्री ९:५१

सापडलं!!

यादीत गाईची फाईल सगळी लहान अक्षरं. म्हशीची: सुरुवातीला कॅपिटल एम, आणि एक्सटेन्शनची तिन्ही अक्षरं कॅपिटल. गाईचं चित्र मी घरी पेंटमध्ये केलं होतं. म्हशीचा फोटो शेजारच्या काकांच्या गोठ्यात काढला, फोनमधल्या अ‍ॅपने पार्श्वभूमी कापली, त्याने नाव तसं ठेवलं. नाव बदलून लहान केलं, जार नव्याने बनवली, म्हैस उभी राहिली.

म्हणजे दोन चुका एकावर एक होत्या. पहिली दुरुस्त केली तेव्हा दुसरी वर आली.

गारंबी | रात्री ९:५८

नाव बदलताना एक सांभाळा. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरत असाल तर विंडोजवर नुसता अक्षरांचा आकार बदललेला गिटला बऱ्याचदा कळतच नाही. गिट एमव्ही करून बदला, नाहीतर दुसऱ्या मशीनवर जुनीच म्हैस उतरेल.

जुनाजावावाला | रात्री १०:०४

फोनचा फोटो म्हणालात म्हणून विचारतो, आकार काय आहे त्याचा?

वारणाकाठ | रात्री १०:०७

४००० बाय ३०००. फाईल मोठी आहे खरी. तशीच लोड करून गेटस्केल्डइन्स्टन्सने बटणाएवढी लहान करतो. बटण २०० बाय १५०चं आहे.

जुनाजावावाला | रात्री १०:१६

४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट. सुमारे ४८ एमबी मेमरी, एका म्हशीला! डिस्कवर फाईल केवढी आहे याला इथे अर्थ नाही, पडद्यावर काढण्याआधी ती पूर्ण उलगडते. संस्थेच्या पीसीत रॅम किती आहे ते सांगू नका, अंदाज आहे. चित्र आधीच ४०० बाय ३०० करून जारमध्ये घाला. आणि लोड करायचं ते एकदाच, खिडकी उघडताना. पेंटकंपोनंटमध्ये (दर वेळी पडदा रंगवताना चालणारी पद्धत) लोड करणारी माणसं मी पाहिली आहेत, ती खिडकीचा आकार जरा बदलला तरी चित्र डिस्कवरून वाचतात.

निवडुंग | रात्री १०:२५

अवांतर: मी दुधाच्या बाजूचा माणूस, कोडमधलं कळत नाही. पण गाईचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. अण्णांनी फॅट ७ टाकून गाय दाबली तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरला शंका आली नाही? ७ फॅटची गाय कुणाच्या गोठ्यात आहे ते कळवा, आत्ता येतो बघायला.

अबोली | रात्री १०:२८

निवडुंग यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात चांगला तांत्रिक प्रतिसाद आहे.

वारणाकाठ | रात्री १०:३३

@निवडुंग, दंडवत. गाईच्या दरपत्रकात ५.५च्या पुढचं सगळं ५.५च्याच दराने लागत होतं. आता ५.५च्या वर फॅट आलं आणि गाय निवडलेली असली तर थांबून विचारतो.

मुक्कामपोस्ट | शुक्रवार, सकाळी १०:१२

मग काय झालं पुढे? म्हैस चालली का संस्थेत?

वारणाकाठ | शुक्रवार, दुपारी १२:४०

चालली. आज पहाटे मी स्वतः जाऊन बसलो होतो. चित्रं जारमध्ये, लोगो बाहेर अ‍ॅपडेटात, बटणावर चित्राखाली मोठ्या अक्षरात नाव. चित्र मिळालं नाही तर खिडकी उघडण्याआधीच कुठलं मिळालं नाही ते नावासकट सांगतो. लोगोची फाईल मुद्दाम काढून बघितली, पावती लोगोशिवाय निमूट छापली गेली.

अण्णांनी पडदा बराच वेळ निरखला. म्हणाले, "ही आपल्या शेजारच्या तात्याची मुऱ्हा दिसतीया, शिंगावरनं ओळखली." मग म्हणाले, गाय मात्र कुठली जर्सी बिर्सी वाटत नाही, मांजर वाटतीय. पेंटमध्ये काढली होती ना.

चहाबाज | दुपारी १२:४४

आता मांजराचं दूध कुठल्या दराने लावणार?

निवडुंग | दुपारी १२:५८

ज्यांचं म्हशीचं दूध गाईच्या दराने लागलं त्यांचं काय केलंत?

वारणाकाठ | दुपारी १:०५

नोंदी काढून बसलो. वीसेक म्हणालो होतो, तेवीस निघाले. फरक पुढच्या दहा दिवसांच्या बिलात जमा होतोय, चेअरमनसाहेबांची सही झाली. गाय उद्या काकांच्या गोठ्यात जाऊन फोटो काढून बदलतो. फाईलचं नाव लहान अक्षरात.